मोकळेपणानं सांगा हां

चित्र कसं झालंय हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. लोक न विचारताच सांगतात. पण वेबसाइट नवी केली तेव्हा भाच्यानं बजावलं, "मामा, सगळ्यांना लिंक देण्याआधी थोड्या लोकांचा फीडबॅक घे." भाचा पणजीत कॉम्प्युटरमध्ये असतो, त्यामुळे या बाबतीत त्याचं ऐकावं लागतं. एका शनिवारी सकाळी, पोदेर पाव देऊन गेल्यावर, मी फोंड्याच्या बाल्कनीत बसून बासष्ट जणांना मेसेज टाकला : 'साइट नव्यानं केलीय. बघा आणि अगदी मोकळेपणानं सांगा हां.'

यातल्या 'मोकळेपणानं'चा अर्थ 'कौतुक करा' असा होतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, अशी माझी समजूत होती.

पहिल्या तासात एकोणीस अंगठे आले. अंगठा म्हणजे दाद की नुसती पोच, हे अंगठ्याकडे बघून कळत नाही. एक अंगठा तर मेसेज गेल्यापासून चार सेकंदांत आला. तेव्हा चार सेकंदांत आमची साइट उघडत नव्हती. पहिल्या पानावर बारा चित्रं होती आणि प्रत्येकाचा फोटो आठ एमबीचा, म्हणजे पान उघडायला शहाण्णव एमबी. आमच्या वाड्यावरच्या रेंजमध्ये चित्र वरून खाली असं सावकाश उतरायचं, की आकाश दिसल्यावर माणसानं चहा टाकून यावं. भाच्यानं सगळे फोटो तीनशे केबीच्या आत आणले तेव्हा कुठे चित्रातली जमीन लोकांना दिसू लागली.

मग अभिप्राय सुरू झाले. आतेचं म्हणणं, साइटवर माझा सूटमधला फोटो हवा, लग्नातला. मेव्हण्याला नाव मोठं हवं होतं. एकजण म्हणाला किंमती लिही, दुसरा म्हणाला लिहिल्यास तर मेलास. मावसबहिणीनं मात्र मन जिंकलं : 'तुझ्याविषयीचं पान वाचलं. किती मनापासून लिहिलंयस! डोळ्यांत पाणी आलं.' तो मेसेज मी बायकोला दोनदा वाचून दाखवला.

मोकळ्या जागेचं प्रकरण वेगळंच. चित्राभोवती भरपूर पांढरं सोडायचं, म्हणजे नजर चित्रावर ठरते, असं भाच्याचं शास्त्र. मलाही ते पटलं होतं. पण आमच्या एका नातेवाइकानं साइट पाहून फोनच केला. "एवढी जागा रिकामी का सोडलीस?" मी शास्त्र सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ते असो. पण गोव्यात आज एवढी रिकामी जागा म्हणजे... घरं बांधायच्या सेटलमेंट झोनमध्ये आहे की बागायतीच्या ऑर्चर्डमध्ये?"

आईला मी स्वतः मोबाइलवर दाखवलं. तिनं चित्रांवरून बोट फिरवलं आणि वरच्या कोपऱ्यात ते थांबलं. तिथं मेनूच्या तीन आडव्या रेघा आहेत. 1981 साली झेरॉक्सच्या कॉम्प्युटरसाठी कुणीतरी काढलेलं ते चिन्ह, आता जगभर असतं. आईनं मोबाइल जरा लांब धरला आणि हात जोडले. "मंगेशाचं भस्म लावलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "चित्रं काय, होतील हळूहळू बरी."

खरा छळ लाल रंगानं केला. माझी चित्रं कावीच्या वळणाची. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात भिंतींवर जे काम दिसतं, ती कावी : पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरायचा, की खालचं पांढरं वर येतं. दोन रंगांचा मामला. दोन रंगांत बिघडणार काय, असं मला वाटायचं. पण माझ्या लॅपटॉपवर जो लाल जांभ्या चिऱ्यासारखा दिसतो, तो भाच्याच्या मोबाइलवर टोमॅटो होतो आणि बायकोच्या मोबाइलवर शेंदूर. एका मित्रानं स्क्रीनशॉट पाठवून खाली लिहिलं, 'चुरीस छान, सोबत पाव पण दाखव.' चुरीस म्हणजे आमच्याकडचं लाल सॉसेज. मी तीन दिवस लाल दुरुस्त करत बसलो. थोडा काळा घातला, थोडा पिवळा काढला. चौथ्या दिवशी कळलं, की हा मित्र साइट बघतो रात्री अकराला आणि त्याच्या मोबाइलवर डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळा उजेड लावलेला असतो. तीन दिवसांचं काम मी मुकाट्यानं उलटं फिरवलं.

आता उरले शेजारचे सर. ऐंशी उलटलेले. तरुणपणी काही वर्षं राशोलच्या सेमिनारीत काढली, पाद्री व्हायचं राहिलं आणि मग जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. मोबाइल ते फक्त उचलायला वापरतात. त्यांचंही मत घ्यावं म्हणून मी झेरॉक्सवाल्याकडे जाऊन सगळ्या पानांच्या रंगीत प्रती काढल्या, पानाला दहा रुपये मोजून, आणि त्यांच्या बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, नेऊन दिल्या.

इथं एक कबुली द्यायला हवी. साइटवरची अक्षरं फिकट करड्या रंगात होती, बारीक आणि फार देखणी. पांढऱ्यावर अक्षर सहज वाचता यायला दोघांच्या उजेडात किमान साडेचारास एक असा फरक लागतो, असं या धंद्यातलं मोजमाप आहे. आमचा फरक सव्वादोनच्या आसपास होता. थोडक्यात, आमचा मजकूर दिसायचा, वाचता यायचा नाही. पण सरांकडे भिंग आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. सर माझ्याशी कोकणीतच बोलतात. हातात 'माझ्याविषयी'चं पान, चेहरा गंभीर.

"पुता, इतलें दुख्ख कित्याक?" म्हणजे, बाळा, एवढं दुःख कशाला?

मला काही कळेना. त्यांनी पान पुढं केलं. माझा परिचय मी महिनाभर लिहितो-लिहितो म्हणत लिहिलाच नव्हता, म्हणून भाच्यानं त्या जागी तो डिझाइनवाल्यांचा भरताडाचा मजकूर टाकून ठेवला होता, 'लोरेम इप्सम' का काय तो. चार परिच्छेद. बासष्ट जणांत एकालाही तो खटकला नव्हता आणि एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हे सिसेरोचं आहे, त्या रोमन पंडिताचं," सर सांगू लागले. "इसवी सनापूर्वी 45 सालचं. दुःख हे दुःख आहे म्हणून त्यावर कुणी प्रेम करत नाही, असं काहीसं तो म्हणतो. पण तू ते पार मोडून टाकलंस रे. 'लोरेम' असा शब्दच लॅटिनमध्ये नाही. 'दोलोरेम' म्हण. त्याचं डोकंच उडवलंयस."

पानावर त्यांनी लाल पेनानं सुधारणा केल्या होत्या, शाळेतल्या वहीवर करतात तशा. पहिल्या शब्दाआधी काकपद देऊन 'दो' घातला होता. समासात लिहिलं होतं, 'शुद्धलेखन'. खाली दहापैकी चार गुण आणि वळणदार सही.

आलेल्या सगळ्या सूचनांमध्ये फक्त हीच मला निमूटपणे मान्य करता आली. घरी येऊन मी स्वतःच्या हातानं साइट उघडली आणि पहिल्या शब्दाला त्याचं डोकं परत बसवलं. भाच्याला न विचारता केलेला तो माझा पहिला बदल.

रात्री जेवायला बसलो तोच त्याचा फोन.

"मामा, 'माझ्याविषयी'च्या पानात एक स्पेलिंग चुकलंय. अगदी पहिल्या शब्दात दोन अक्षरं जास्त पडलीत. काढून टाकू ना?"