वाचक गटासाठी गुन्ह्यांवरची पुस्तकं निवडताना

आमच्या ग्रंथालयाच्या वाचक गटानं यंदा खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं घ्यायची ठरवली आहेत. नावं मागवली तेव्हा सगळ्यात आधी आलं ते 'येस, आय ॲम गिल्टी'. जोशी-अभ्यंकर खटल्यातल्या मुनव्वर शहानं तुरुंगात लिहिलेलं आत्मकथन. पुण्यात हे नाव येणारच. ते पुस्तक जरूर घ्यावं, पण सुरुवात त्यानं करू नये असं मला फार वाटतं.

१९७६-७७ मध्ये पुण्यात दहा खून झाले, त्यांचाच हा खटला. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर ही नावं त्या काळातल्या पुणेकरांना आजही पाठ आहेत. १९८३ च्या नोव्हेंबरात चौघांना येरवड्यात फाशी झाली, हेही ठाऊक असतं. आणि जी माणसं गेली ती? पहिला बळी ह्या मारेकऱ्यांचाच वर्गमित्र होता. अभ्यंकरांच्या घरात पाच जण गेले, त्यात त्यांच्याकडे कामाला असलेल्या बाईही होत्या. खटल्याच्या नावात ना तो मुलगा आहे, ना त्या बाई. मारेकऱ्याच्या आत्मकथनातून ही माणसं आपल्याला कशी कळणार?

म्हणून पहिल्या बैठकीसाठी मी हॅली रुबेनहोल्ड यांचं 'द फाइव्ह' (२०१९) सुचवलंय. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 'जॅक द रिपर' या कधीच न सापडलेल्या खुन्यानं मारलेल्या पाच बायकांची ही चरित्रं. खुनी कोण, यात लेखिकेला काडीचा रस नाही. खुनांची वर्णनंही जवळपास नाहीत. आहे ते या बायकांचं जगणं: कुणी स्वीडनहून आलेली, कुणाचा नवरा बड्या घरी कोचमन, कुणाचा संसार दारूनं मोडलेला. सगळ्या वेश्या होत्या हे सव्वाशे वर्षं धरून चाललेलं गृहीतक, पण पाचांपैकी तिघींबाबत त्याला पुरावाच नाही, असं त्या कागदपत्रांतून दाखवतात. शेवटी नुसती यादी येते, मृतदेहांजवळ सापडलेल्या वस्तूंची. कॅथरीन एडोज हिच्याजवळ चहाची एक डबी, साखरेची एक डबी, एक अंगुस्तान, लाल रंगाचा एकच हातमोजा. बेघर बाईचा अख्खा संसार तिच्या अंगावर होता. ते पान वाचल्यावर मला कितीतरी वेळ दुसरं काही वाचवलं नाही.

दुसरं, ट्रूमन कपोटी यांचं 'इन कोल्ड ब्लड'. कॅन्ससमधल्या होलकोम्ब गावात १९५९ साली एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांचा खून झाला, त्यावरचं. लिखाण अप्रतिम, वाद नाही. पण यातला शब्दन् शब्द खरा आहे असं कपोटी सांगत राहिले, आणि शेवटचा दफनभूमीतला प्रसंग त्यांनी रचलेला होता हे पुढे उघड झालं. मुलाखत घेताना ते टिपणंही काढत नसत. खरी माणसं, खरे मृत्यू, मग लेखकाला किती मोकळीक द्यायची? गटात यावर जोरात वाद व्हावा अशी माझी इच्छा आहे. डेव्हिड ग्रॅन यांचं 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'ही यादीत हवंच: अमेरिकेतल्या ओक्लाहोमातल्या ओसेज या मूलनिवासी लोकांना तेलाचा पैसा मिळाला, तो सांभाळायला कायद्यानंच त्यांच्यावर गोरे पालक नेमले गेले, आणि त्याच पैशासाठी त्यांचे खून पडत गेले. तिथे एकटा खुनी शोधून भागत नाही, अख्खी व्यवस्था दिसते.

आणि मग मुनव्वरचं पुस्तक. तेही एकटं नको. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सोबत ठेवून वाचूया. पश्चात्ताप कुठे बोलतोय, कुठे स्वतःची बाजू सावरली जातेय, हे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आपल्या गटात त्या दिवसांत संध्याकाळी दारं लावून बसलेली माणसं आहेत. त्यांना बोलायचं असेल तर बैठकीचा निम्मा वेळ त्यांचा, आणि नको असेल तर त्या महिन्यात न येण्याची पूर्ण मुभा.

एकच अट मात्र मी धरून बसणार आहे. ज्या खटल्यांचा निकाल अजून लागायचाय, त्यांच्यावरची पुस्तकं सध्या नकोत.