दुकानात बसणं म्हणजे रोजगार का?

सत्तावीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. छुपी बेकारी शिकवताना माझं उदाहरण ठरलेलं असायचं. चार एकर शेत, काम दोघांचं आणि राबतायत पाच. तिघं उठून गेले तरी धान्याचं एक पोतंही कमी भरणार नाही. मग ते तिघं खरंच कामावर आहेत का? पोरं एकसुरात "नाही" म्हणायची.

तेच उदाहरण आता माझ्या घरात आहे. शेताऐवजी नवी पेठेतलं आमचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, एवढाच फरक. दुकान ह्यांना एकट्याला सहज झेपतं. धाकटा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत अकरा महिने होता. करार संपला, गेटपास जमा करून घेतला, पुन्हा बोलावणं आलं नाही. त्याला आता आठ महिने झाले. घरी बसून जीव खातो म्हणून सकाळी दहा ते एक काउंटरवर बसतो. अभ्यासिकेतली पोरं नोट्स काढायला येतात, त्यांना पानं मोजून देतो. दुपारी लॅपटॉप उघडून अर्ज पाठवत बसतो.

सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात, म्हणजे बेरोजगारीचा दर ज्यातून निघतो त्या पाहणीत, यंदा आमचं घर निवडलं गेलं. निवडलेल्या घरी सलग चार महिने, महिन्यातून एकदा माणूस येतो. पहिल्यांदा आला तो पंचविशीतला, नम्र मुलगा, हातात टॅबलेट. मीच उत्सुकतेनं समोर बसले. ज्या आकड्यांवर आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, ते गोळा होताना पहिल्यांदाच बघत होते.

"मागच्या सात दिवसांत यांनी काही काम केलं का?"

"नाही रे, नोकरी शोधतोय तो."

"नोकरी नाही काकू, काम. कुठलंही. एखाद्या दिवशी तासभर तरी?"

"दुकानात बसतो की," आतून हे म्हणाले.

"पगार देता?"

"घरच्या पोराला कसला पगार?"

मुलानं स्क्रीनवर बोट टेकवलं. कोड २१. घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस, म्हणजे रोजगार असलेला. मी म्हटलं, अरे पण तो रोज अर्ज करतोय, परवाच तळेगावला मुलाखतीला जाऊन आला. तो म्हणाला, "काकू, काम आणि शोध दोन्ही असेल तर काम आधी धरायचं. नियम आहे." त्याचं चुकलं नव्हतं. नियम मलाही माहीत होता, परीक्षेला विचारायचे मी तो. पण धाकटा दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा बघितल्यावर तो नियम मला पहिल्यांदा कळला.

हे लिहायला बसले, कारण बेरोजगारीचा नवा आकडा आला की दोन गट पडतात. एक म्हणतो, बघा, बेकारी घटली. दुसरा म्हणतो, सगळं शिजवलेलं आहे. मला दोन्ही पटत नाही. तासभराचा नियम या सरकारनं काढलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आहे, १९८२ पासून जगभर चालतो, अमेरिकेतही पगारी कामाला तोच लागू आहे. आकडा खोटा नाही. पण त्यातल्या 'काम' या शब्दाचा अर्थ आपण घरात बोलतो तो नाही, आणि हे आकड्यासोबत कुणी मोठ्यानं सांगत नाही.

२०२३-२४ चा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के. तो वर्षभराच्या मापानं काढलेला आहे. त्या मापात वर्षातून ३० दिवस काम केलेला माणूसही रोजगारात जातो. त्याच सर्वेक्षणात, त्याच माणसांचा, आठवड्याच्या मापानं काढलेला दर ४.९ आहे. १५ ते २९ वयाची पोरंपोरी वेगळी काढली तर वर्षाच्याच मापानं १०.२. तिन्ही आकडे सरकारचेच, तिन्ही खरे. मथळ्यात कुठला येतो ते बघा. आणि कामावर असलेल्या दर शंभरात नियमित पगारवाले २२ सुद्धा नाहीत. ५८ स्वयंरोजगारात, त्यातले सुमारे १९ माझ्या धाकट्यासारखे, बिनपगारी मदतनीस.

बायकांचं तर अजून वेगळं. कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ४१.७ झालं. मोठी वाढ खेड्यातली आणि स्वयंरोजगारातली. घरच्या शेतात राबणारी बाई अखेर मोजली गेली, याचा मला आनंदच आहे. पण तिच्या हातात पैसा आला का, हे त्या टक्क्यात दिसत नाही. उलट आमच्या वरच्या मजल्यावरची सून एम.कॉम. आहे, बाळ झाल्यावर नोकरी सोडली, घराजवळ अर्धवेळ काम मिळालं तर उद्या जाईल. तिच्या सासऱ्यांनी सांगितलं, "ती घरीच असते." कोड ९२, घरकाम. ती बेरोजगारही नाही. तिला कुणी विचारलंच नाही.

पूर्वीच्या लोकांना ही अडचण कळत नव्हती असं नाही. १९७० साली प्रा. दांतवाला समितीनं स्वच्छ सांगितलं होतं की आपल्याकडची बेकारी एका आकड्यात मावणार नाही. त्यातूनच पुढे तीन मापं आली : वर्षाचं, आठवड्याचं आणि दिवसाचं. वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातला जाऊन बघा. थापी, घमेलं, डबा घेऊन माणसं उभी असतात, मुकादमाचा टेम्पो आला की धावतात. दहापर्यंत उचललं नाही तर घरी. आठवड्यात दोन दिवस काम मिळालेला माणूस आठवड्याच्या मापानं रोजगारात असतो. दिवसाच्या मापानं त्याचे रिकामे दिवस मोजले जायचे. ते माप २०१७ नंतरच्या अहवालांत दिलं जात नाही. ते परत आणा, ही माझी मागणी आहे. मी हात जोडून नाही, हक्कानं मागते आहे.

आणि या महाराष्ट्रानं तर प्रश्नावलीशिवाय बेकारी मोजलेली आहे. ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर माणसं उन्हात खडी फोडायला यायची. माझी आई सांगायची, हातात बांगड्या भरलेल्या घरंदाज बायका पाटी उचलायला उभ्या. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ती योजना, पुढे १९७७ साली कायदा झाला. काम मागायला आला तो बेकार, हिशेब सरळ.

सर्वेक्षणाच्या आकड्यांवर शंका कुठून आली तेही सांगते. २०१७-१८ चा बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता. तो अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगानं मंजूर केला तरी सरकारनं बाहेर काढला नाही. जानेवारी २०१९ मध्ये पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या आयोगाच्या सदस्यांनी राजीनामे दिले. निवडणूक झाली, शपथविधी झाला आणि दुसऱ्या दिवशी, ३१ मे रोजी, तोच आकडा जाहीर झाला. पद्धत बदलली, जुन्या आकड्यांशी तुलना नको, असं स्पष्टीकरण होतं. त्यात तथ्यही आहे. पण आकडा वेळेवर दिला असता तर ते स्पष्टीकरण लोकांनी ऐकून घेतलं असतं. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये आधीच्या महिन्यांचे रोजगाराचे आकडे खाली सुधारले म्हणून राष्ट्राध्यक्षांनी श्रम सांख्यिकी विभागाच्या प्रमुखालाच काढून टाकलं. आकडा सुधारणं हे प्रामाणिक कामाचं लक्षण आहे, हे मी अकरावीच्या पोरांना शिकवलंय. माणूस काढला की उद्याच्या खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे हा आकडा दर महिन्याला येतो. हे चांगलं पाऊल आहे, मनापासून म्हणते. फक्त त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, बिनपगारी किती आणि आठवड्यात दोनच दिवस काम मिळालेले किती, हेही द्या. गोळा केलेली माहिती आहे, त्या मुलानं रोजचे तास विचारून लिहून घेतले होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीला धाकटा घरी नव्हता. एकदा भोसरीला चाचणी होती, एकदा मुलाखत. ह्यांनीच उत्तर दिलं, "दुकानात असतो." पुन्हा २१.

चौथी भेट पुढच्या आठवड्यात आहे. काल जेवताना धाकटा म्हणाला, "आई, या वेळी मी थांबतो. मीच सांगतो त्यांना." आणि आज तो दुकानात गेला नाही.