धान लावताय? आधी ग्लोबल व्हा भाऊ!

यंदा पऱ्हे टाकायच्या आधी एक काम करा, हवामानाचा अंदाज बघणं सोडा अन् दिल्लीच्या डीजीएफटीची, म्हणजे आयात-निर्यातीचे हुकूम काढणाऱ्या सरकारी खात्याची, वेबसाइट उघडून बसा. मृग कोरडा गेला तर आर्द्रात तरी येईल अशी आशा असते, नोटिफिकेशनला मात्र नक्षत्र नसतं.

2023 आठवतं ना? 20 जुलै. इकडे भंडारा-गोंदियाकडे बाया गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करतायत अन् तिकडे बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद! ऑगस्टमध्ये उकड्या तांदळाच्या निर्यातीवर 20 टक्के ड्युटी. कणी, म्हणजे तुकडा तांदूळ, तर आदल्या वर्षीच अडकवून ठेवलेली. आता तुम्ही म्हणाल रोवणी तर झाली, करायचं काय? सोप्पंय, बांधीत जा आणि धानाला समजावून सांगा की बाबा ओंबी जरा बेतानं भर.

त्याच आठवड्यात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन, मामा इथं दुकानात सोना मसुरीसाठी रांगा लागल्यात, एका घराला एकच पिशवी देतायत, तुमची तर चांदी असेल! मी बांधावर उभा, चप्पल चिखलात रुतलेली, एका हातानं ती उपसत म्हटलं हो रे, मोजायला वेळ मिळत नाहीये.

दुसरा सल्ला, शब्द नीट शिकून घ्या. भाव चढायला लागला की सरकार निर्यातीचं दार लावतं, त्याला महागाई नियंत्रण म्हणायचं. गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही की दार उघडतात, ते उदारीकरण. 2024 च्या सप्टेंबरात टनाला किमान 490 डॉलरची अट घालून दार किलकिलं केलं, ऑक्टोबरात तीही अट काढली. जगातल्या तांदूळ व्यापारात 40 टक्क्यांच्या आसपास वाटा आपला, याचा अभिमान जरूर बाळगा, तो फुकट आहे.

अन् डब्ल्यूटीओचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा, हिशोब तर पाठच करा. तुमच्या हमीभावात सबसिडी किती हे मोजताना तिकडे तुलनेला भाव धरतात 1986-88 चे. खरंच सांगतोय. त्या मापानं आपण 2018-19 ला तांदळात सबसिडीची 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडली आणि बालीत 2013 ला ठरलेलं शांतता कलम, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी खटला भरायचा नाही ही सवलत, पुढे करून सुटलो. म्हणून म्हणतो, चिखलणीचे पैसे मागायला ट्रॅक्टरवाला आला की त्याला 1986 चा रेट लावा. तो काय बोलला ते मला कळवू नका, पोरं वाचतात.

विक्रीचं तंत्र तर एकदम सोपं. सातबारा ऑनलाइन चढवा, अंगठा उमटेपर्यंत मशीनवर घासा, मग सरकारी खरेदी केंद्र कधी सुरू होतं याची वाट बघा. सुरू झालं की बारदाना नाही. बारदाना आला की ओलावा 17 टक्क्यांच्या वर. आमच्या केंद्रावर 40 किलोच्या कट्ट्यात वरून किलो-दीड किलो जास्तीचं घ्यायचे, विचारलं तर म्हणे सुकतो ना धान. माझा धान जास्त ओला म्हणून परत पाठवायचा आणि घेतला तर सुकणार म्हणून कापायचा, हे मीटर कोणत्या कंपनीचं आहे ते मला अजून कळलेलं नाही. हमीभावावरचा राज्य सरकारचा बोनस क्विंटलवर नाही, हेक्टरवर, तोही दोन हेक्टरपर्यंत. तो येईल तेव्हा येईल, बँकेत जाऊन पासबुक छापून आणायची सवय मात्र लागते.

खाजगी व्यापाऱ्याचं तसं नसतं, तो घरी येतो, चहा घेतो. 2023 च्या दिवाळीआधी आला तेव्हा हमीभाव 2183, त्यानं दोन-अडीचशे कमी सांगितले. का रे बाबा? निर्यात बंद आहे ना काका. पुढच्या वर्षी हमीभाव 2300, निर्यात सुरू, मी जरा ताठ बसलो. त्यानं मूठभर धान तळहातावर चोळला, फुंकर मारली अन् पुन्हा कमीच सांगितला. म्हणे, आपली निर्यात सुरू झाली म्हणून तर जगात भाव पडले काका.

दारात खतवाल्याचा पोरगा वही घेऊन उभा होता. म्हटलं लाव काटा.