त्या मेसेजमध्ये काही राम नाही

परवा रात्री भाचीने प्रकल्पाची वही दाखवली. विषय 'प्राचीन भाषा'. मजकूर आमच्या फॅमिली ग्रुपवरचा, तिच्या आजोबांनी पाठवलेला, जसाच्या तसा: "येशू बोलायचा ती अरामाईक म्हणजे 'आ-राम-ऐक', रामाचं ऐकणाऱ्यांची भाषा. ती हिब्रूचीच अपभ्रष्ट बोली, दोन हजार वर्षांपूर्वी मेली." डोकंच फिरलं.

आधी ते 'ऐक'. अहो, ते शेपूट इंग्रजीने लावलंय! हिब्रूत या भाषेला 'अरामीत' म्हणतात. अराम हे सीरियाकडच्या मुलुखाचं आणि लोकांचं नाव. इ.स.पू. ११००च्या सुमारास असिरियाचा राजा पहिला तिग्लथ-पिलेसर या अरामी टोळ्यांशी झालेल्या लढाया कोरून ठेवतो. तेव्हा मराठीचाच पत्ता नव्हता, तिथे 'ऐक' कोण म्हणणार?

हिब्रूची बोली? बायबलमधलं 'दुसरे राजे', अध्याय १८ काढा. असिरियाचा सरदार जेरुसलेमच्या तटाखाली उभा राहून धमकावतोय. राजाचे कारभारी विनवतात: आमच्याशी अरामीत बोला, आम्हाला कळते, तटावरच्या लोकांदेखत यहुदी भाषा, म्हणजे हिब्रू, नको. नुसती बोली असती तर तटावरच्यांना कळली नसती का? (सरदार वस्ताद, तो मुद्दाम यहुदीतच आणखी मोठ्याने ओरडतो.) दोघी बहिणी आहेत, एवढं मान्य. पण आजची चौकोनी हिब्रू अक्षरंच मुळात अरामी लिपीतून आलेली आहेत.

मेली म्हणे! सीरियातलं मालूला, तुर्कस्तानातलं तूर अब्दीन, उत्तर इराक इथली माणसं आजही तिच्या बोली बोलतात. बोलणारे घटताहेत, हे खरं. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांच्या जुन्या उपासनेतली सुरयानीही तिचीच शाखा.

भारताशी नातं आहे, हेही मान्य करतो, नाइलाजाने. पण ते असं: १९५८ साली कंदाहारला अशोकाचा लेख सापडला, ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत. इराणी साम्राज्याचा कारभार अरामीत चालायचा, म्हणून त्या भागात ती वाचणारे होते. आपली खरोष्ठी लिपीही अरामीवरूनच घडली, असं बहुतेक लिपितज्ज्ञ मानतात. आणि अलिबागचे बेने इस्राएल ज्यू गेलेल्या माणसासाठी म्हणतात ती 'कद्दीश' प्रार्थना अरामीत आहे. आजोबांची अख्खी नोकरी अलिबागला झाली!

भाचीने पान फाडलं. आजोबांचा मेसेज मात्र ग्रुपवर तसाच आहे, खाली नऊ जणांनी हात जोडलेत.