एक ‘वाँग’, दोन आडनावे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘वाँग’ आडनावाच्या माणसांवरील माझ्या लेखाबाबत आपले दोन आक्षेप आहेत. दिग्दर्शक वाँग कार-वाय आणि हाँगकाँगचा एकेकाळचा विद्यार्थी नेता जोशुआ वाँग यांचे आडनाव एकच नाही, हा पहिला. आणि कोट्यवधी लोकांच्या आडनावावरून माणसे गोळा करणे म्हणजे नसलेली भावकी जमवणे होय, हा दुसरा. पहिला पूर्ण मान्य आहे, दुसरा अर्धा.

मी रोमन स्पेलिंगवर विसंबलो आणि फसलो. काळे आणि काले यांचे पासपोर्टवर एकच रूप होते हे पाहत आलेल्या मराठी माणसाने तरी ही चूक करायला नको होती. कार-वाय यांच्या आडनावाचे अक्षर म्हणजे तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी रेघ, अर्थ ‘राजा’. जोशुआचे अक्षर ‘पिवळा’ या अर्थाचे, बारा फटकाऱ्यांचे आणि मधोमध फुगीर. मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत, पहिल्याचा उच्चार वांग आणि दुसऱ्याचा ह्वांग होतो. हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीमध्ये मात्र दोन्हींचा उच्चार, अगदी सुरासकट, ‘वाँग’च. म्हणून हाँगकाँगमध्ये आडनाव सांगताना ‘तीन रेघांचा वाँग’ किंवा ‘मोठ्या पोटाचा वाँग’ असा खुलासा करतात.

आपल्या दुरुस्तीनंतर माझी जुळणी मोडली, पण तिच्या जागी अधिक चांगली जुळणी सापडली. 1951 साली अमेरिकेत वांग लॅबोरेटरीज स्थापन करणारे, संगणकाच्या चुंबकीय स्मृतीवर मूलभूत काम केलेले आन वांग हे तीन रेघांचे, म्हणजे कार-वाय यांच्याच आडनावाचे. दोघांचाही जन्म शांघायचा. पण कार-वाय पाच वर्षांचे असताना हाँगकाँगला आले आणि त्यांचे आडनाव कँटोनीज वळणाने लिहिले गेले. उलट, 2011 साली शाळकरी वयात ‘स्कॉलरिझम’ ही विद्यार्थी संघटना उभी करणाऱ्या जोशुआचे आडनाव तैवानमध्ये जन्मलेल्या, चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या जेन्सन ह्वांग यांचे आहे. लॉस एंजेलिसमध्ये 1905 साली जन्मलेली अभिनेत्री ॲना मे वाँग हीसुद्धा ‘पिवळ्या’ अक्षराचीच.

भावकीचे म्हणाल, तर नाते मलाही सुचवायचे नव्हते. ‘राजा’ हे आडनाव वेगवेगळ्या राजघराण्यांच्या वंशजांनी स्वतंत्रपणे घेतले, आणि आज चीनमध्ये ते लावणारे दहा कोटींहून अधिक आहेत. त्यांच्यात कसली भावकी शोधायची? माझे कुतूहल स्पेलिंगपुरते आहे, कारण घराणे कोणत्या बोलीतून आणि कोणत्या वाटेने बाहेर पडले याची खूण अनेकदा त्यातच उरते. तेच ‘पिवळे’ अक्षर सिंगापूर-मलेशियातील अनेक कुटुंबे चक्क ‘ङ’ (रोमनमध्ये Ng) असे उच्चारतात. आपल्या वर्णमालेत ज्याला वाङ्मयाखेरीज फारसे काम उरलेले नाही, तो ङ तिथे घराच्या पाटीवर असतो. मात्र ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या कोर्सेराचे सहसंस्थापक अँड्र्यू ङ यांना या पंक्तीत बसवता येणार नाही. त्यांचा ङ कँटोनीज आहे आणि तो तिसऱ्याच अक्षराचा. मँडरिनमध्ये त्याचा ‘वू’ होतो. आपण लिहिले नसते, तर पुढच्या लेखात मी त्यांनाही ओढून आणले असते.

मूळ लेखात आता दोन्ही आडनावे वेगळी केली आहेत, आणि दुरुस्ती कोणत्या तारखेला केली तेही खाली नोंदवले आहे.