बॉयलर कुठे गेला?

एका लेखात वाचलं, लेख लिहिणाऱ्याच्या मते स्टीफन किंगची 'द शायनिंग' ही भयकादंबरी (१९७७) पसरट आहे आणि दिग्दर्शक कुब्रिकचा तिच्यावरचा सिनेमा (१९८०) तिच्यापेक्षा सरस. मला नाही पटलं.

आमचे आजोबा इथे सोलापुरात एका गिरणीत बॉयलरवर होते. काट्यावरून नजर हटली की काय होतं, हे ते जेवताना सांगायचे. स्टीफन किंगच्या कादंबरीतलं हॉटेल तसंच आहे. तळघरातल्या जुनाट बॉयलरचं प्रेशर रोज आठवणीने उतरवायचं, आणि हिवाळ्यात बंद हॉटेल सांभाळायला आलेल्या जॅकच्या डोक्यातलं प्रेशरही तसंच हळूहळू चढतं. दारू सोडलेला, एकदा रागात पोराचा हात मोडलेला, तरी पोरावर जीव असलेला बाप. शेवटी क्षणभर शुद्धीवर येऊन तो पोराला, डॅनीला, 'पळ' म्हणतो, तिथे मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन बसलो होतो. मग बॉयलर फुटतो, हॉटेल जळतं.

सिनेमात बॉयलर नावापुरता. जॅक झालेला निकल्सन तर नोकरीच्या मुलाखतीलाच अर्धा वेडा दिसतो, मग घसरणार कुठून? शेवट आगीऐवजी बर्फात.

पण डॅनीची तीनचाकी! लाकडी फरशीवर खडखडाट, गालिच्यावर गप्प, परत खडखडाट. हे कागदावर जमणारच नाही, तेवढं कबूल. मे महिन्यात, लाईट गेलेली, ४२ डिग्रीत मोबाईलवर बघतानाही अंगावर काटा आला की ओ!

ज्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय त्यांनी पुस्तक वाचा. पहिली शंभर पानं जरा दम धरा.