जुनी एलेनॉर, नवी एलेनॉर आणि तुमची अभिरुची

चार लोकांत सिनेमाचा विषय निघाला आणि कुणी गाडीचोरांवरच्या 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'चं नाव काढलं, की लगेच बोलू नका. आधी किंचित हसा. मग विचारा, "कुठला? 1974चा की 2000चा?" निम्मं काम इथेच झालं. असे दोन सिनेमे आहेत हे समोरच्याला बहुधा माहीतच नसतं. त्याच्या डोळ्यासमोर निकोलस केज असतो, अँजेलिना जोली असते आणि रविवारी दुपारी जेवून लवंडल्यावर केबलवर अर्ध्यातून लागलेला तो सिनेमा असतो. तुम्हीही तोच पाहिलाय, सात-आठ वेळा. पण ते तिथे बोलायचं नसतं.

मूळ सिनेमा पाहायला हवाच असं काही नाही. जुजबी माहिती पाठ असली की भागतं. एच. बी. हॅलिकी नावाचा भंगार गाड्यांच्या धंद्यातला एक माणूस. लेखक तोच, निर्माता तोच, दिग्दर्शक तोच आणि नायकही तोच. शेवटचा पाठलाग जवळजवळ 40 मिनिटं चालतो आणि त्यात 93 गाड्यांचा चुराडा झाला असं सांगतात. हा आकडा टाकल्यावर चहाचा कप खाली ठेवा आणि म्हणा, "आणि एकही गाडी कॉम्प्युटरवर फुटलेली नाही, बरं का." 'बरं का' विसरू नका. अधिकार सगळा त्यात आहे.

दुर्दैवाने कुणी म्हणालंच, "चल, बघूया," तर मनाची तयारी ठेवा. पाठलाग शेवटी आहे म्हणजे त्याच्या आधी काहीतरी आहे. त्या काहीतरीत माणसं विग आणि खोट्या मिशा लावून 48 गाड्या चोरतात. पडद्यावर गाडी दिसत असते आणि मागून कुणीतरी बोलत असतं. कोण, ते शोधू नका. लिहिलेली पटकथा जवळजवळ नव्हतीच, आणि ते लपवायचा प्रयत्नही कुणी केलेला नाही. अशा वेळी जांभई आली तर हात तोंडावर न नेता हनुवटीवर न्या, म्हणजे विचारात पडल्यासारखं दिसतं. 'कंटाळवाणा' हा शब्द तर उच्चारूही नका. 1980च्या आधीच्या सिनेमात त्याला 'कच्चेपणा' म्हणतात. नंतरच्या सिनेमात त्यालाच 'ढिसाळपणा' म्हणायचं.

नव्या सिनेमाला नावं ठेवणं त्यामानाने सोपं. तिथे 50 गाड्या आहेत, म्हणजे 26 वर्षांत दोनच वाढल्या. महागाई इतकी आटोक्यात क्वचितच राहिली असेल. जुना चोर पैशासाठी चोरायचा. एरवी विमा कंपनीसाठी तपास करायचा आणि विमा नसलेली गाडी उचलायची नाही हा त्याचा धर्म. नव्या चोराला मात्र धाकट्या भावाचा जीव वाचवायचा असतो. जेरी ब्रकहायमर निर्माता असला की चोरालाही संस्कार लागतात. मग सहानुभूती, जुनं प्रेम, पश्चात्ताप, हे सगळं आटोपून गाडी पळवायला वेळ उरला तर पळवायची.

उडीचा मुद्दा मात्र राखून ठेवा, हुकमाचं पान आहे ते. नव्या सिनेमात व्हिन्सेंट थॉमस पुलावर अडकलेल्या वाहनांच्या डोक्यावरून गाडी उडते ती बरीचशी कॉम्प्युटरच्या जिवावर. इतकी तरंगते की वाटतं, केज मध्येच खिडकीतून हात हलवेल. जुन्यात हॅलिकी स्वतः गाडीत बसून 128 फूट लांब आणि 30 फूट उंच उडाला. पाठीचे मणके दबले ते दबलेच.

आता एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो, चारचौघांत बोलू नका. त्या उडीने मला काही केलं नाही. मला धरून ठेवलं ते खांबाने. पाठलागात एका क्षणी दुसऱ्या गाडीचा धक्का लागतो, नायकाची पिवळी फोर्ड मस्टँग, म्हणजेच एलेनॉर, भेलकांडते आणि रस्त्याकडेच्या दिव्याच्या खांबावर जाऊन आदळते. हे ठरलेलं नव्हतं. खरा अपघात होता तो, आणि हॅलिकीने तो तसाच सिनेमात ठेवला. एरवी सिनेमातली टक्कर ढोल बडवल्यासारखी होते. इथे गाडी नुसती थांबते. एका अंगाने आत गेलेली, गप्प. मी ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिलं. अभिरुची-बिभिरुची काही नाही, पोटात गोळा आला म्हणून.

याच माणसाचा 1989मध्ये दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणात जीव गेला. पाण्याची टाकी पाडायचा प्रसंग होता. पोलादी दोर तुटला, टेलिफोनचा खांब कोसळला तो त्याच्या अंगावर. हे गप्पांत वापरू नका. आणि वापरलंत, तर लगेच पुढे 'त्याच्या वारशाचा अपमान करून हा रिमेक काढला' असं तरी म्हणू नका. कारण रिमेकच्या कार्यकारी निर्मात्यांत त्याचीच पत्नी होती. हे कुणाला ठाऊक असलं तर तुमचा सगळा संताप जागीच फुकट.

एवढ्यावर कुणी गाड्यांतला जाणकार निघाला, तर थेट एलेनॉरवर या. दोन्ही सिनेमांत चोरायच्या गाड्यांना बायकांची नावं दिलेली, आणि सगळ्यांत नखरेल ती एलेनॉर. जुन्या सिनेमाच्या नामावलीत तिचं नाव चक्क कलाकार म्हणून येतं. जाणकार म्हणेल, जुनी ती अस्सल, नवी ती मेकअपवाली. त्याला शांतपणे सांगा की जुनी 1973ची म्हणून मिरवते पण आहे 1971ची, तोंडवळा तेवढा बदललेला. नवी 1967ची शेल्बी जीटी 500, म्हणजे मस्टँगचीच दमदार, मानाची आवृत्ती म्हणवते. आतून साधी मस्टँग. वय आणि घराणं याबाबत दोघींचंही बोलणं फारसं मनावर घेण्यासारखं नाही.

आणि हे भांडण तुम्ही-आम्हीच करतो असं समजू नका. एलेनॉर हे कॉपीराइट असलेलं 'पात्र' आहे की नाही, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं वकिलांची घरं चालली. बॅटमॅनच्या गाडीला, बॅटमोबाइलला, न्यायालयाने 2015मध्ये पात्र ठरवलं होतं. एलेनॉरला 2025मध्ये तो मान नाकारला. चार सिनेमे मिळून तिची रूपं इतकी, कधी पिवळी-काळी, कधी राखाडी, कधी गंजलेली, की हीच ती असं ओळखायचं कशावरून? म्हणजे जुनी चांगली की नवी, या वादात त्या दोघी एकच नाहीत हे न्यायालयाने सांगून टाकलं. तुम्ही वाद चालू ठेवा.

फक्त कुणासोबत पाहायचं ते नीट निवडा. मी आमच्या मेहुण्यांना बसवलं. ते मोटार क्लेमचे सर्व्हेअर. नायक विम्याचा तपासनीस म्हटल्यावर ते चिवड्याची बशी घेऊन ताठ बसले. पाठलाग सुरू झाला तसे पुटपुटायला लागले, "बोनेट… रेडिएटर… उजवा फेंडर गेला." खांब आला तेव्हा बशी खाली ठेवून म्हणाले, "टोटल लॉस." त्यानंतरही गाडी पळत राहिली याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. शेवटी नायक कार वॉशमध्ये शिरतो, तिथे तशीच दुसरी पिवळी मस्टँग बघतो आणि आपलं खटारं सोडून तीच घेऊन निघतो. मेहुणे उठून उभे राहिले. "अहो, आणि ज्याची ती गाडी, त्याने क्लेम फॉर्मवर कारण काय लिहायचं?"

नवा सिनेमा लावला तेव्हा ते झोपले. पुलावरच्या उडीच्या आवाजाने जागे झाले, पडद्याकडे बघितलं, गाडी उतरून सरळ निघून गेलेली पाहिली.

"रिजेक्ट," म्हणाले आणि कूस बदलली.